नकाशावरची खूण आणि बेसमेंटमधला क्लास

प्रश्न: नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत राहतो. याच वर्षी स्वतःचं घर घेतलं. मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच. सध्या सांगलीहून सासूबाई आल्या आहेत आणि संध्याकाळी त्याच मुलांना पार्कमध्ये नेतात. गेल्या आठवड्यात आमच्या भागातल्या मराठी बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक स्क्रीनशॉट आला. लैंगिक गुन्हेगारांच्या सरकारी यादीतला. आमच्यापासून दोन रस्ते सोडून राहणाऱ्या एका माणसाचा फोटो, पत्ता, गाडीचा नंबर आणि खाली ‘मॉडरेट रिस्क’, म्हणजे मध्यम धोका. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. मिस्टर म्हणतात, घर विकून टाकू. ग्रुपवर कुणी म्हणतं, सगळे मिळून त्याच्या दारात जाऊ. कुणी म्हणतं, फोटो छापून पार्कमध्ये लावू. त्याच रात्री मी त्या यादीत मुलीच्या तबल्याच्या सरांचं, स्विमिंगच्या कोचचं आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचं नाव घालून पाहिलं. कुणाचंच आलं नाही, तेवढा तरी जीव भांड्यात पडला. पण शाळेने आम्हाला का कळवलं नाही? असा माणूस शाळेजवळ राहूच कसा शकतो? आणि पुण्याहून नणंद विचारते आहे की आमच्याकडे अशी यादी कुठे बघायची. काय करू?
— एक आई

उत्तर:

ताई, तुमची झोप उडाली यात नवल नाही. फोटोतला चेहरा दोन रस्त्यांवर राहतो म्हटल्यावर कुठल्याही आईचं असंच होईल. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला त्या स्क्रीनशॉटपेक्षा जास्त काळजीचं वाटलं. ‘कुणाचंच नाव आलं नाही, तेवढा जीव भांड्यात पडला.’ त्याबद्दल सविस्तर लिहिणारच आहे, कारण खरी मेख तिथेच आहे. आधी त्या माणसाचं बघू.

स्क्रीनशॉटवर विसंबू नका. तो कधी काढला आणि कुणी काढला, हे कुणालाच ठाऊक नसतं. ही यादी न्यू जर्सी स्टेट पोलिसांच्या संकेतस्थळावर असते, तिथे स्वतः जा. सुरुवातीला अटी येतील. त्या घाईघाईने खाली सरकवू नका, वाचा. पुढे त्यांचं काम पडणार आहे. मग नाव, गाव, झिप कोड किंवा काउंटी घालून शोधता येतं. एकेका माणसाच्या पानावर फोटो आणि तो केव्हा घेतला ती तारीख, वय, उंची, वजन, अंगावरच्या खुणा किंवा टॅटू, गाडीचा रंग, मॉडेल आणि नंबर, राहण्याचा पत्ता, आणि धोका मध्यम की जास्त, एवढं असतं. आपण घाबरलेले असलो की नजर चेहऱ्यावरच खिळते. तुम्ही गुन्ह्याच्या वर्णनाच्या ओळी वाचा. गुन्हा काय होता, कधीचा, बळी मूल होतं की मोठी व्यक्ती, ओळखीतलं होतं की अनोळखी, तो जवळीक कशी साधत असे, यातलं जे दिलं असेल ते तुमच्या घराच्या दृष्टीने फोटोपेक्षा मोलाचं आहे. पत्ता जुना झालेला असू शकतो. शंका आली तर गावच्या पोलीस ठाण्याच्या साध्या नंबरवर, म्हणजे ९११ या तातडीच्या नंबरवर नव्हे, फोन करा. अशा नोंदणी झालेल्या माणसांचं काम बघणारा अधिकारी तिथे असतो. त्याला जेवढं सांगता येतं तेवढं तो सांगतो आणि तुम्हाला काही खटकलं असेल तर लिहून घेतो.

तुमच्या नातलगांपैकी कुणी दुसऱ्या राज्यात असेल तर अमेरिकेच्या न्याय खात्याची नॅशनल सेक्स ऑफेंडर पब्लिक वेबसाइट आहे. सगळ्या पन्नास राज्यांच्या याद्या ती एकाच ठिकाणी शोधून देते आणि बऱ्याच राज्यांत घराचा पत्ता घालून आसपासचा परिसरही बघता येतो. दोन्ही ठिकाणी एक पैसा लागत नाही. ‘तुमच्या गल्लीत कोण राहतं बघा’ असं घाबरवून कार्डाचा नंबर मागणाऱ्या खासगी साइटच्या नादी लागू नका.

आता ही यादी आली कुठून आणि तिच्यात कोण असतं, ते सांगते. तुमच्या शेजारच्याच मर्सर काउंटीत हॅमिल्टन नावाचं गाव आहे. तिथे २९ जुलै १९९४ रोजी मेगन कांका या सात वर्षांच्या मुलीला समोरच्या घरातल्या माणसाने कुत्र्याचं पिल्लू दाखवतो म्हणून आत नेलं, अत्याचार केला आणि मारून टाकलं. लहान मुलींवरच्या गुन्ह्यांत त्याला आधी दोनदा शिक्षा झाली होती. मेगनच्या आईवडिलांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ‘माहीत असतं तर आमची मुलगी वाचली असती’ या त्यांच्या टाहोतून न्यू जर्सीचा मेगन्स लॉ उभा राहिला. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी, म्हणजे अवघ्या तीन महिन्यांत, त्यावर गव्हर्नरची सही झाली. मे १९९६ मध्ये तो साऱ्या देशाला लागू होईल असा केंद्राचा कायदा आला. इंटरनेटवरची यादी त्यानंतरची. त्यासाठी न्यू जर्सीने आधी मतदारांकडून राज्यघटनेत दुरुस्ती मंजूर करून घेतली आणि मग २००२ पासून ती सुरू झाली.

लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्या प्रत्येकाला पोलिसांत नोंद करावी लागते, दरवर्षी पत्ता पक्का करून द्यावा लागतो, आणि घर बदलायचं असेल तर दहा दिवस आधी कळवावं लागतं. पण नोंद झाली म्हणजे नाव इंटरनेटवरच्या नकाशावर आलं, असं नाही. काउंटीच्या सरकारी वकिलाचं, म्हणजे प्रॉसिक्यूटरचं, कार्यालय प्रत्येकाला तीनपैकी एक टियर, म्हणजे धोक्याची पातळी, देतं. त्यासाठी तेरा मुद्द्यांचा गुणतक्ता आहे. बळजबरी किती, बळी किती वयाचा, गुन्हे किती आणि किती काळ चालले, उपचारांना प्रतिसाद कसा, दारू किंवा नशा, राहण्याची आणि नोकरीची घडी बसली आहे का, असे मुद्दे. ३६ पर्यंत गुण मिळाले तर पहिला टियर, ३७ ते ७३ दुसरा, ७४ आणि वर तिसरा. तो निर्णय मान्य नसेल तर माणूस कोर्टात दाद मागू शकतो. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच तशी सुनावणी सक्तीची केली. पहिल्या टियरची माहिती पोलिसांपुरती राहते. दुसऱ्या टियरमध्ये आसपासच्या शाळा, पाळणाघरं, समर कॅम्प आणि आधी नाव नोंदवून ठेवलेल्या संस्थांना कळवलं जातं. तिसऱ्या टियरमध्ये पोलीस घरोघरी येऊन हातात कागद देतात.

‘मॉडरेट रिस्क’ म्हणजे दुसरा टियर. ग्रुपवर आलेला माणूस त्यातला आहे, म्हणून तुमच्या दारात कुणी आलं नाही. शाळेला बहुधा कळवलेलं असेल. पण शाळेने ते मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यांपुरतं ठेवायचं असतं. पालकांना वाटायची परवानगी तिला नाही. मुख्याध्यापकांवर चिडू नका. ‘तुम्हाला अशा सूचना येतात तेव्हा शाळा सुटताना गेटवर काय बंदोबस्त असतो?’ असं विचारा. या प्रश्नाचं उत्तर त्या देऊ शकतात आणि त्यांनी ते द्यायलाच हवं.

शाळेजवळ राहण्याचं म्हणाल, तर न्यू जर्सीत सगळ्यांना सरसकट लागू होणारी तशी बंदी नाही. अनेक गावांनी ‘शाळेपासून इतक्या फुटांत राहायचं नाही’ असे ठराव केले होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते रद्द ठरवले, कारण मेगन्स लॉ हा राज्याचा कायदा आहे आणि त्यात गावागावाने आपापली भर घालायची नाही. मात्र काही जणांवर सुटकेनंतरही आयुष्यभर पॅरोल अधिकाऱ्याची देखरेख असते. त्यांच्या अटी वेगळ्या आणि कडक असतात, मुलांशी संपर्क ठेवायचा नाही हीसुद्धा त्यातली एक असू शकते. म्हणून तो माणूस पार्कमध्ये मुलांशी सलगी करताना दिसला तर वाद घालायला जाऊ नका, तिथूनच पोलिसांना फोन करा. तो अट मोडतो आहे का, हे त्यांना लगेच बघता येतं.

आता ग्रुप. मोर्चा काढून दारात जाणं आणि पार्कमध्ये पोस्टर लावणं, दोन्ही बेत आजच्या आज थांबवा. त्या संकेतस्थळाच्या अटी वाचा म्हटलं ते याचसाठी. या यादीतली माहिती वापरून कुणी गुन्हा केला तर तो न्यू जर्सीत तिसऱ्या दर्जाचा स्वतंत्र गुन्हा होतो. त्याहून लहान कृत्यालाही ५०० ते १,००० डॉलर दंड आहे. आपल्या लोकांपैकी बरेच जण एच-१बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत. धमकी किंवा छळाची एक तक्रार त्या फायलीत गेली तर पुढची कित्येक वर्षं तिचं ओझं वाहावं लागेल. आणि कायद्याचं सोडलं तरी, जानेवारी १९९५ मध्ये, मेगन्स लॉ येऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, याच राज्यात फिलिप्सबर्ग गावी एक बाप आणि मुलगा अशा माणसाला धडा शिकवायला घरात घुसले आणि त्यांनी मारलं भलत्यालाच. तो बिचारा त्या घरात राहायला आला होता, एवढाच त्याचा दोष. त्या पत्त्यावर इतर माणसंही राहतात हे कुणाच्या लक्षातच येत नाही. बायको असते, म्हातारी आई असते, कधी त्याची स्वतःची मुलं असतात आणि ती तुमच्या मुलांच्याच बसने शाळेत जातात.

आणखी एक. पोस्टर लागलं, त्रास सुरू झाला की असा माणूस घर सोडतो, कधी पत्ता न कळवताच गायब होतो. आज तो कुठे राहतो, कुठली गाडी चालवतो, हे पोलिसांना माहीत आहे. तुमच्या मुलीसाठी तेच बरं. ग्रुपवर लिहायचंच असेल तर इतकंच लिहा: ‘अधिकृत संकेतस्थळावर प्रत्येकीने स्वतः बघा, स्क्रीनशॉट फिरवू नका, काही दिसलं तर पोलिसांना कळवा.’

घर विकण्याबद्दल. मिस्टरांचा जीव तुटतो आहे, ते मी समजू शकते. पण घर घेताना तुम्ही दोघांनी सह्या केलेले कागद जरा काढून बघा. न्यू जर्सीच्या नेहमीच्या खरेदी करारात मेगन्स लॉवर एक परिच्छेद असतो. रिअल इस्टेट एजंटला ही माहिती प्रॉसिक्यूटरकडून मिळत नाही आणि तो ती तुम्हाला मिळवून देऊ शकत नाही, असं त्यात साफ लिहिलेलं असतं. तेव्हा एजंटने फसवलं असं मनात धरू नका. दुसरं गाव बघाल, तर तिथेही नकाशावर खुणा असतील. आणि ज्या गावात खूणच नाही तिथे पहिल्या टियरची माणसं असतील, जी दिसतच नाहीत. पुढे नदीपलीकडे गेलात तर नियमही बदलतात. न्यूयॉर्कमध्ये दुसरी आणि तिसरी पातळी इंटरनेटवर दिसते, पहिल्या पातळीसाठी राज्याच्या कार्यालयाला फोन करून एकेक नाव विचारावं लागतं. पेन्सिल्वेनियात टियर ठरतो तो गुणांवरून नव्हे, गुन्ह्याच्या कलमावरून. या एका खुणेपायी घर विकू नका, असंच माझं स्पष्ट मत आहे. ज्या घरासाठी पै पै साठवली ते घर तुम्ही त्या माणसासाठी सोडाल आणि मुलांच्या सुरक्षिततेत तसूभरही फरक पडणार नाही.

का पडणार नाही, ते आता सांगते. इथून पुढचं मिस्टरांनाही वाचायला द्या.

अमेरिकेच्या न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाने २००० मध्ये बारा राज्यांतल्या पोलिसांच्या नोंदी तपासून अहवाल काढला. १८ वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांत ३४ टक्के गुन्हेगार घरचे किंवा नात्यातले होते, ५९ टक्के ओळखीचे, आणि परके फक्त ७ टक्के. सहा ते अकरा या वयात, म्हणजे तुमच्या मुलीच्या वयात, परक्यांचं प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी भरलं. ही झाली पोलिसांपर्यंत पोचलेली प्रकरणं. घरातल्या घरात दाबली गेलेली यात नाहीतच.

आता हे त्या गुणतक्त्याशेजारी ठेवून बघा. तेरा मुद्द्यांत एक मुद्दा आहे बळीच्या निवडीचा. अनोळखी मुलाला गाठलं तर जास्त गुण, ओळखीतल्या मुलाला गाठलं तर त्याहून कमी, आणि घरातल्याच मुलावर अत्याचार केला तर सगळ्यात कमी. दुसऱ्या टियरमध्येही, ज्याचा एकमेव गुन्हा घरातल्या, नात्यातल्या मुलावरचा आहे, त्याचं नाव इंटरनेटवर येत नाही. त्याला सबळ कारण आहे. बापाचं किंवा मामाचं नाव छापलं की मूल कोण हे साऱ्या गावाला कळतं, आणि त्या लेकराला दुसऱ्यांदा शिक्षा होते. ही सूट योग्यच आहे असं मला वाटतं. पण त्याचा परिणाम समजून घ्या. जो धोका मुलांना सर्वांत जास्त आहे, तोच त्या नकाशावर सर्वांत कमी दिसतो.

नकाशावर नसलेले आणखीही आहेत. ज्यांच्याविरुद्ध कधी तक्रारच झाली नाही ते. खटला उभा राहिला पण मुलाने साक्ष द्यायला नको म्हणून घरच्यांनी माघार घेतली, ते. तडजोडीत दुसऱ्याच कलमाखाली शिक्षा घेऊन सुटले, ते. पंधरा वर्षं काही गुन्हा न करता काढल्यावर कोर्टाकडून नोंद रद्द करून घेतली, ते. काही ठरावीक गुन्हे वगळता कायद्यात तशी सोय आहे. आणि गेल्या वर्षी भारतातून आलेला माणूस, ज्याच्याबद्दल तिथे काय बोललं जात होतं याचा इथे कुणाला गंधही नाही. तबल्याच्या सरांचं नाव घातलं आणि काही आलं नाही, याचा अर्थ एवढाच की त्या नावाचा, यादीत दाखवला जाणारा कुणी नाही. ते सर देवमाणूस असतील, बहुतेक असतीलही. पण हे तुम्हाला त्या शोधाने सांगितलेलं नाही. उलटही ध्यानात ठेवा. नाव जुळलं तरी फोटो, वय, उंची जुळेपर्यंत एक अक्षर कुणाजवळ काढू नका. आपल्याकडे एका नावाची माणसं ढिगाने असतात आणि एखाद्याचं आयुष्य उद्ध्वस्त व्हायला एक फॉरवर्ड पुरतो.

न्यू जर्सीच्याच तुरुंग खात्याने २००८ मध्ये या कायद्याचा अभ्यास केला. शिक्षा भोगून आलेल्यांकडून पुन्हा होणारे लैंगिक गुन्हे या कायद्यामुळे कमी झाल्याचं त्यांना दिसलं नाही. म्हणून यादी बंद करा असं मी म्हणत नाही. मेगनच्या आईवडिलांनी मागितलेला माहितीचा हक्क मला आजही रास्त वाटतो. पण तिच्यावर भार किती टाकायचा, ते ठरवा. वर्षातून दोनदा बघा, गुन्ह्याच्या ओळी वाचा आणि पान बंद करा. रोज रात्री नकाशा उघडून बसू नका.

तो वेळ बेसमेंटमधल्या क्लासला द्या. आपल्याकडे तबला, गाणं, भरतनाट्यम, बुद्धिबळ, सगळं कुणाच्या ना कुणाच्या बेसमेंटमध्ये चालतं. आपण मूल दारात सोडतो, ‘सर, येते पाऊण तासात’ म्हणतो आणि पटेल ब्रदर्समध्ये भाजी आणायला जातो. पाऊण तास आठ वर्षांची मुलगी आणि एक मोठा माणूस, दार बंद. अशा खासगी क्लाससाठी कुणी बॅकग्राउंड चेक केलेला नसतो. शाळेतल्या शिक्षकाचा होतो, इथे नाही. येत्या शनिवारी तुम्ही आत जा. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसा, फोन बघत बसलात तरी चालेल. एकटीऐवजी दोन-तीन मुलांची तुकडी करता येईल का, विचारा. दार उघडं राहील ना, विचारा. गुरूला असं विचारायचं म्हणजे अपमान, हा संकोच आपल्या हाडीमासी भिनलेला आहे, मला ठाऊक आहे. पण चांगल्या शिक्षकाला यात स्वतःचंही संरक्षण दिसतं, आणि तो ‘बसा की’ म्हणतो. कुणी कपाळाला आठ्या घातल्या, ‘पालक बसले की मुलांचं लक्ष लागत नाही’ म्हणून आईला कायमचं बाहेरच ठेवलं, तर क्लास बदला. पुरावा लागत नाही, क्लास बदलायला कारणही द्यावं लागत नाही. तोच नियम स्विमिंगला. कपडे बदलायच्या खोलीत कोण जातं, मदत कोण करतं, एकदा डोळ्यांनी बघून या.

तुमची मुलं रविवारच्या मराठी शाळेत जात असतील तर तिथल्या समितीपुढे दोन गोष्टी ठेवा. एक, मुलांसाठी काम करणारी संस्था म्हणून काउंटी प्रॉसिक्यूटरच्या कार्यालयात नाव नोंदवायचं. तसं केलं की आपल्या भागातल्या दुसऱ्या टियरच्या सूचना शाळेला येऊ शकतात. दुसरी, मुलांसाठी काम करणाऱ्या ना-नफा संस्थांना आपल्या स्वयंसेवकांचा बोटांच्या ठशांवरून गुन्हेगारी पूर्वेतिहास तपासून घेण्याची सोय राज्यात आहे, ती वापरायची. गणपतीच्या नाटकाची तालीम घेणाऱ्या काकांपासून शिकवणाऱ्या मावशीपर्यंत सगळ्यांचा, कुणालाही न वगळता. एकाचा केला आणि दुसऱ्याचा नाही, की रुसवेफुगवे सुरू. सगळ्यांचा केला की कुणाला टोचत नाही.

सासूबाईंना त्या माणसाचा फोटो दाखवू नका. त्यांचं पार्कमध्ये जाणं बंद होईल आणि दुपारभर त्या खिडकीशी बसून राहतील. त्यांना नियम सांगा. कुणाच्याही घरात, गॅरेजमध्ये, गाडीत मुलांना पाठवायचं नाही, तो माणूस कितीही गोड बोलला तरी, मराठी बोलणारा असला तरी. बाथरूमला मुलाबरोबर स्वतः जायचं. इंग्रजीची भीती वाटत असेल तर ‘हेल्प’ एवढं मोठ्याने ओरडलं तरी पुरे, आणि ९११ कसा लावायचा हे तुमच्या समोर त्यांच्या फोनवर एकदा करून दाखवा, फक्त शेवटचं बटण न दाबता.

मुलीला त्या माणसाविषयी सांगायचं का? नाही. तिला एका चेहऱ्याची भीती घालून उपयोग नाही, कारण ज्याच्यापासून जपायचं त्याचा चेहरा बहुधा तिच्या ओळखीचा असतो. तिला शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं साध्या आवाजात सांगा, जशी कोपर आणि गुडघा सांगता तशी. सासूबाई ‘अगं, लेकरांपुढे काय हे’ म्हणतील. त्यांना प्रेमाने सांगा की ज्या जागेला नाव नाही तिथे काय झालं हे मूल सांगू शकत नाही. तिला सांगा की मोठ्या माणसाने ‘हे आपलं गुपित, आईला सांगायचं नाही’ म्हटलं की ते आईला लगेच सांगायचं; वाढदिवसाची गंमत वेगळी, ती दोन दिवसांत सगळ्यांना कळते. आणि पाहुणे आले की ‘काकांना पापी दे, मांडीवर बस’ ही जबरदस्ती तुमच्या घरात आजपासून बंद. तिला नको असेल तर लांबून नमस्कार पुरे. रुसतात ते काका रुसू देत. स्वतःच्या आईसमोर ‘नको’ म्हणायची मुभा जिला नाही, ती एकटी असताना ते कसं म्हणेल?

नणंदबाईंना कळवा की भारतात अशी यादी आहे, पण ती त्यांना उघडता येणार नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग म्हणजे एनसीआरबी ती सांभाळतो, सुरुवातीलाच तिच्यात चार लाखांहून जास्त नोंदी होत्या आणि ती फक्त पोलीस यंत्रणेला बघता येते. त्या एक मात्र करू शकतात. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा, त्याच्या २०२० च्या नियमांनुसार शाळा, पाळणाघर, खेळाची अकादमी, जिथे जिथे मुलांशी नेहमीचा संबंध येतो, तिथे कायम असो वा कंत्राटी, शिक्षक असो वा शिपाई, प्रत्येकाची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करावीच लागते. नणंदबाईंनी शाळेत जाऊन ‘व्हॅनच्या काकांची आणि सफाईवाल्यांची पडताळणी शेवटची केव्हा झाली?’ एवढं लेखी विचारावं. चार पालकांच्या सह्या घेतल्या तर उत्तर लवकर येतं. मुलांसाठीचा १०९८ हा नंबर त्यांच्या फोनमध्ये असावा.

शेवटी, देव करो आणि वेळ न येवो, पण तुमच्या किंवा ग्रुपमधल्या कुणाच्या मुलाने काही सांगितलं तर काय करायचं, ते आत्ताच माहीत असू दे. मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझं काही चुकलं नाही’ एवढं म्हणा. जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, मराठीत सांगितलं असेल तर मराठीत, लिहून ठेवा. संशयित माणसाला जाब विचारायला जाऊ नका, त्याने तो सावध होतो. न्यू जर्सीत मुलावर अत्याचार होत असल्याचा रास्त संशय आलेल्या प्रत्येकाने लगेच कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. डॉक्टर-शिक्षकच नव्हे, शेजारी आणि आजीसुद्धा त्यात आल्या. दिवसरात्र चालणारा नंबर १-८७७-६५२-२८७३. नाव न सांगताही कळवता येतं. तिथून पुढे मुलांशी बोलायचं खास शिक्षण घेतलेली माणसं मुलाची मुलाखत घेतात, आणि ती नीट व्हावी म्हणूनच आपण आधी फार विचारायचं नसतं. दुभाषा हवा असेल तर पहिल्याच फोनवर मराठी असं स्पष्ट सांगा, नाहीतर समोरचा माणूस हिंदी गृहीत धरून चालतो.